लफबरो फुटबॉल क्लब : अखेरचा हंगाम (१८९९–१९००)

इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्यातील व्यावसायिक संघ, टोपणनाव ‘लफ्स’. स्थापना १८८६ च्या सुमाराची. गावातील अ‍ॅथलेटिक व व्हिक्टोरिया हे दोन क्लब एकत्र येऊन तो बनला असावा. १८९४–९५ मध्ये मिडलंड लीग जिंकून त्याने फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळवला.

क्लबची अडचण मुळात भूगोलाची होती. गावची वस्ती जेमतेम २१ हजारांच्या आसपास. दक्षिणेला लेस्टर फॉस, उत्तरेला नॉटिंगहॅमचे दोन मातब्बर संघ. त्यामुळे तिकिटविक्रीवर मर्यादा पडे. खर्च मात्र मोठ्या क्लबांसारखाच. वर्षाला बाहेरगावचे १७ सामने, मिडल्सबरो, न्यू ब्रायटन, प्लमस्टेड असे लांब-लांबचे. रेल्वेभाडे व खेळाडूंचे पगार चुकत नसत. पैसा आटला की चांगले खेळाडू विकायचे, संघ कमजोर झाला की प्रेक्षक घटायचे, आणि प्रेक्षक घटले की पुन्हा विक्री. या फेऱ्यातून क्लब सुटला नाही. अखेरच्या हंगामाआधीच्या दोन्ही हंगामांत तो तळाच्या तिघांत होता व फेरनिवडीच्या (तळाच्या संघांना लीगमध्ये ठेवायचे की नाही, हे ठरवणाऱ्या) मतदानावर तगला होता.

अखेरच्या हंगामात ३४ सामन्यांत १ विजय, ६ बरोबरी, २७ पराभव; गोल १८, अंगावर १००; गुण ८. वर्षभर आधी, एप्रिल १८९९ मध्ये, याच क्लबने डार्वेनला १०–० असे हरवले होते, हे ध्यानात घेतले की घसरणीचा वेग कळतो. १२ मार्च १९०० रोजी, सोमवारी, वुलिच आर्सेनलने त्याला १२–० असे हरवले. आर्सेनलचा लीगमधील सर्वांत मोठा विजय तोच. गंमत अशी, की आर्सेनलचा लीगमधील सर्वांत मोठा पराभवही (०–८, १२ डिसेंबर १८९६) लफबरोकडूनच झालेला आहे.

लफबरोचा हा हंगाम लीगमधील सर्वांत वाईट होय का, यावर एकमत नाही. १९०४–०५ मध्ये डॉनकास्टर रोव्हर्सलाही ३४ सामन्यांत ८ गुणच मिळाले. मात्र तेव्हा विजयाला २ गुण असत. आजच्या ३ गुणांच्या हिशेबाने डॉनकास्टरचे (३ विजय, २ बरोबरी) ११ आणि लफबरोचे ९ होतात. डर्बी काउंटीने २००७–०८ मध्ये एकच विजय मिळवला, पण ३८ सामन्यांत ८ बरोबरीही साधल्या. जुन्या पद्धतीने तिचे गुण १० भरतात. प्रतिसामना सरासरी लफबरोची ०.२४, डर्बीची ०.२६. केवळ विजय मोजले तर डर्बी खाली जाते, कारण तिने सामने जास्त खेळले. गुणांचा निकष अधिक ग्राह्य वाटतो.

१९०० च्या उन्हाळ्यात लफबरोची फेरनिवड झाली नाही. ल्यूटन टाउनही बाहेर पडले. ब्लॅकपूल व स्टॉकपोर्ट काउंटी आत आले. लवकरच क्लब विसर्जित झाला. पुढे गावात लफबरो कॉरिंथियन्ससारखे संघ निघाले, पण त्यांच्या नोंदी या क्लबच्या नावे धरू नयेत.