एआय लिहायला शिकला कोणाच्या पुस्तकांवर?

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने एआय आणि कॉपीराइट या विषयावर एक कार्यपत्र प्रसिद्ध केले. कायदेशीर मार्गाने मिळवलेले कोणतेही प्रकाशित साहित्य एआय कंपन्यांना प्रशिक्षणासाठी वापरता यावे, लेखकाला त्याला नकार देता येऊ नये, आणि त्या बदल्यात कंपन्यांनी आपल्या उत्पन्नातून रॉयल्टी भरावी, असा प्रस्ताव त्यात आहे. म्हणजे लेखकाला मोबदला मिळेल, पण ‘माझे पुस्तक घेऊ नका’ असे म्हणता येणार नाही. चर्चा या टोकाला कशी आली हे समजून घ्यायचे तर सुरुवात चॅटजीपीटीपासून करून चालत नाही. तो ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आला. पुस्तके त्याच्या बरीच आधी उचलली गेली होती, आणि प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट राहून गेली: लेखकाला विचारणे.

पहिली मोठी उचल गूगलची. डिसेंबर २००४ मध्ये गूगलने हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांच्याशी करार करून त्यांच्या कपाटांतली पुस्तके स्कॅन करायला घेतली. परवानगी ग्रंथालयांची होती, लेखकांची नव्हती. २००५ मध्ये अमेरिकेतली ऑथर्स गिल्ड ही लेखकांची संघटना कोर्टात गेली. १२.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, ती २०११ मध्ये न्यायाधीश डेनी चिन यांनी नाकारली, आणि शेवटी २०१५ मध्ये अपील न्यायालयाने गूगलच्या बाजूने निकाल दिला. गूगल वाचकाला पुस्तकाच्या चार-दोन ओळीच दाखवते, अख्खे पुस्तक देत नाही, त्यामुळे हा ‘फेअर यूज’, म्हणजे कायद्याला मान्य असलेला वाजवी वापर ठरतो, असा त्याचा आशय. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. आज एआय कंपन्यांचे वकील ज्या पायावर उभे राहतात, तो पाया या निकालाने घातला. हा निकाल पुस्तकातला मजकूर शोधण्याच्या सोयीबद्दल होता. त्यातून पुढे लिहिणारी यंत्रे तयार होतील, हे त्या खटल्यात कुणाच्या गावीही नव्हते.

दुसरी उचल संशोधकांची, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठ आणि एमआयटीतल्या संशोधकांनी ‘बुककॉर्पस’ नावाचा संच तयार केला. त्यात सुमारे ११ हजार पुस्तके होती. ती आली स्मॅशवर्ड्स या संकेतस्थळावरून, जिथे प्रकाशक न मिळालेले लेखक स्वतःच ई-पुस्तके काढतात. प्रेमकथा, अद्भुतरम्य कादंबऱ्या, रहस्यकथा असा त्यातला बराचसा माल. वाचक मिळावा म्हणून या लेखकांनी ती फुकट ठेवली होती. माणसासाठी फुकट ठेवलेले पुस्तक यंत्रासाठीही फुकट, असे परस्पर गृहीत धरले गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे पहिले जीपीटी आणि गूगलचे बर्ट, ही २०१८ ची दोन्ही भाषा-प्रारूपे (मॉडेल) या संचावर शिकली. पुस्तकेच का, याचे कारण जीपीटीच्या शोधनिबंधात दिले आहे: पुस्तकात सलग, लांबलचक मजकूर असतो, त्यामुळे यंत्राला दूरवरचे संदर्भ धरायला शिकता येते. पहिल्या प्रकरणात पेरलेली गोष्ट विसाव्या प्रकरणात उगवते, हे बातमीत किंवा ट्वीटमध्ये सापडत नाही. आजच्या यंत्रांच्या वाक्यांना जो ओघ आहे, त्यात या नाव नसलेल्या, दोन-चारशे वाचक मिळाले तरी खूश होणाऱ्या लेखकांचा वाटा आहे. त्यांना त्याचा एक पैसाही मिळाला नाही, आणि मला हे त्या मोठ्या खटल्यांपेक्षाही जास्त लागते.

मग भूक वाढली. २०२० च्या जीपीटी-३ च्या निबंधात ‘बुक्स१’ आणि ‘बुक्स२’ असे दोन संच नोंदवले आहेत, पण त्यात कोणती पुस्तके आहेत हे सांगितलेले नाही. त्याच वर्षी एका स्वतंत्र विकसकाने ‘बुक्स३’ हा संच खुला केला. मोठ्या कंपन्यांकडे जे आहे ते छोट्यांनाही मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. पण त्यातली सुमारे १ लाख ९६ हजार पुस्तके चाचेगिरीच्या संकेतस्थळावरून आलेली होती. २०२३ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकाने त्यातली नावे शोधता येतील अशी सोय केली, आणि हजारो लेखकांनी आपापले नाव टाकून पाहिले. तोवर ही चर्चा तंत्रज्ञांची होती. त्या शोधखिडकीने ती लेखकांच्या घरात आणली.

त्याच वर्षी प्रकाशन व्यवहाराला दुसऱ्या बाजूने धक्का बसला. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ हे अमेरिकेतले विज्ञानकथांचे नावाजलेले मासिक नवोदितांच्या कथाही मोकळेपणाने मागवते आणि शब्दागणिक मानधन देते. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या सुमारे ५०० कथा काही दिवसांत त्यांच्याकडे येऊन पडल्या आणि संपादक नील क्लार्क यांना कथा स्वीकारणे काही आठवडे बंद ठेवावे लागले. संपादकाचा वेळ ही नवोदितासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट. तीच खोट्या कथांनी खाल्ली. सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने स्वयंप्रकाशनावर मर्यादा घातली: एका खात्यावरून दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तके नाहीत, आणि मजकूर एआयचा असेल तर तसे कंपनीला कळवायचे. दिवसाला तीन पुस्तके ही मर्यादा वाटावी, यावरून पुराचा अंदाज येतो.

खटल्यांपैकी सर्वांत परिणामकारक ठरला तो अँथ्रोपिक या एआय कंपनीविरुद्धचा. आंद्रिया बार्ट्झ आणि अन्य दोन लेखकांनी तो ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल केला. त्यात दोन कपाटे समोर आली. एक विकत घेतलेल्या पुस्तकांचे: कंपनीने लाखो छापील प्रती खरेदी केल्या, बांधणी कापून पाने सुटी केली, स्कॅन केली आणि कागद टाकून दिला. दुसरे चाचेगिरीच्या संग्रहांतून उतरवलेल्या ७० लाखांहून अधिक प्रतींचे. जून २०२५ मध्ये न्यायाधीश विल्यम अलसप यांनी निकाल दिला की पुस्तकांवर यंत्राला शिकवणे हा फेअर यूज आहे, विकत घेऊन स्कॅन करणेही चालते, पण चोरीच्या प्रतींचे ग्रंथालय करून ठेवणे चालत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर कंपनीने १५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पुस्तकामागे साधारण ३ हजार डॉलर.

आकडा मोठा आहे, म्हणून बातम्यांत लेखकांचा विजय झाला. मला तो अर्धाच वाटतो. पैसे ठरले ते प्रत कुठून आणली यासाठी, शिकवले यासाठी नाही. कंपनीने पहिल्यापासून दुकानातून एकेक प्रत घेतली असती, तर या निकालाप्रमाणे तिथेच हिशेब मिटला असता. लेखकाच्या संमतीचा प्रश्न त्यात येतच नाही. संमतीचा मार्ग दुसरीकडे दिसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हार्परकॉलिन्सने आपल्या काही लेखकांना विचारले की, तुमचे पुस्तक तीन वर्षांसाठी एआय प्रशिक्षणाला द्यायचे का? होकार दिल्यास लेखकाला अडीच हजार डॉलर. काहींनी घेतले, काहींनी साफ नाकारले. रकमेबद्दल वाद होऊ शकतो, पण इथे विचारले गेले.

मराठी पुस्तके या सगळ्यात बरीचशी बाहेर राहिली, आणि त्याचे कारण आपली टाइपसेटिंगची जुनी पद्धत. नव्वदीच्या दशकात डीटीपी आले तेव्हापासून आपली पुस्तके श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवली गेली. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. अशा पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. हाती निव्वळ अक्षरांचा काला येतो. यंत्रालाही तेच दिसत होते. त्यामुळे यंत्रांची मराठी मुख्यतः वृत्तपत्रांची संकेतस्थळे, विकिपीडिया, सरकारी पाने आणि ब्लॉग यांवर पोसली गेली. एआयच्या मराठीला परिपत्रकाचा आणि अनुवादाचा वास येतो, त्याचे एक कारण हे. आता मात्र स्कॅन केलेल्या पानावरून देवनागरी ओळखणारी साधने चांगलीच सुधारली आहेत. तो अडसर अपघाती होता, आणि तो संपत आला आहे. करोनाच्या टाळेबंदीत व्हॉट्सॲपवर फिरलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ अजून जागोजागी पडून आहेत.

भारतात कायद्याचा निकाल अजून लागायचा आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले आणि पाठोपाठ भारतीय प्रकाशक महासंघही त्यात उतरला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अमेरिकेसारखा मोकळाढाकळा फेअर यूज नाही. कलम ५२ मध्ये कोणते वापर चालतात याची यादी आहे, आणि यंत्राला शिकवणे त्या यादीत लिहिलेले नाही. म्हणूनच सरकारला नव्या तरतुदीचा विचार करावा लागतो आहे.

त्या कार्यपत्रातली रॉयल्टी प्रत्यक्षात आली तर ती कुणाला द्यायची, हा प्रश्न मराठीत लगेच उभा राहील. आपल्याकडे कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि बहुतेक लेखक ती करत नाहीत. कुठलीही जुनी कादंबरी उघडा: शीर्षकपानामागे ‘सर्व हक्क’ असे लिहून लेखकाच्या पत्नीचे किंवा मुलाचे नाव आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा पत्ता असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हे हक्क चालतात. अनेकदा प्रकाशनसंस्था बंद झालेली असते, करार तोंडी असतो, वारस पुण्याहून कॅलिफोर्नियाला गेलेले असतात. कोणत्या पुस्तकाचा हक्क आज कोणाकडे आहे, याची यादी साहित्य संस्थांनी आणि प्रकाशकांनी मिळून आताच करायला घ्यायला हवी, कारण अँथ्रोपिकच्या तडजोडीतही पैशांसाठी फक्त अमेरिकेत वेळेत नोंदणी झालेली पुस्तकेच पात्र ठरली.