सबब नेहमी दुसऱ्याची

सोलापुरात उशिरा पोहोचलेल्याने ‘आज नळाला पाणी आले होते’ एवढे म्हटले की पुढे कोणी विचारत नाही. काही दिवसांआड पाणी मिळणाऱ्या शहरात हे कारण सहज पटते. तेच वाक्य लागोपाठ दोन दिवस ऐकवले, की त्याची सबब होते. वाक्यातले अक्षरही बदललेले नसते, ऐकणाऱ्याचा विश्वास तेवढा उडालेला असतो. म्हणून आज बोलताना ‘माझी सबब अशी’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

मूळ अरबीत ‘सबब’ म्हणजे निव्वळ कारण. लबाडीची छटा नंतरची. कचेरीच्या मराठीने जुना अर्थ जपला आहे, आणि ‘सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ या वाक्यात तो ‘म्हणून’ एवढाच उरतो. (कर्मचाऱ्याची सबब फेटाळणारा आदेशही ‘सबब’नेच संपू शकतो!) ‘कैफियत’ही अरबीच, ‘कसे’ या अर्थाच्या शब्दावरून आलेली, दिवाणी दाव्यात प्रतिवादीच्या लेखी उत्तराला आजही कैफियत म्हणतात. ‘सारवासारव’ मात्र घरची: शेणाचा हात फिरला की जमिनीची भेग दिसत नाही, असते तिथेच.

सबब आणि समर्थन यांतील फरक इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ मध्ये नेमका मांडला. समर्थन करणारा कृत्य आपले मानतो, पण ते वाईट होते हे मानत नाही. सबब सांगणारा वाईट झाले हे कबूल करतो, पण त्याचा सगळा भार स्वतःवर घेत नाही. ‘सूत कच्चे होते, म्हणून चादर बिघडली’ ही सबब. ‘गिऱ्हाइकाला स्वस्त हवी होती, म्हणून मीच विरळ विणली’ हे समर्थन.

पण सबब सांगण्याआधीच क्रियापद आपले काम करून गेलेले असते. ‘कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’ यांत घटना एकच आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उपाहारगृहातील आगीचे वर्णन ‘तिने पेटवले’ अशा धर्तीवर वाचणाऱ्यांनी त्या बाईला अधिक दोष दिला आणि तिच्याकडून अधिक भरपाई मागितली. ‘पेटले’ अशा धर्तीवर वाचणारे सौम्य राहिले. तो प्रयोग इंग्रजीतला होता. मराठीत याच्या अधलेमधले एक रूप रोजच्या वापरात आहे: ‘माझ्या हातून कप फुटला.’ यात हात माझा असल्याची कबुली आहे, पण क्रियापद फुटण्याचेच आहे आणि वाक्याचा कर्ता अजूनही कपच आहे.