घाट उतरताना न्यूट्रल? पेट्रोल वाचत नाही, भावा

कोल्हापुरातून गगनबावड्याला निघालं की गाडीतला एखादा काका सांगतोच: "करूळ घाट लागला की न्यूट्रल टाक, फुकटात तळाला." कार्बोरेटरच्या जमान्यात यात थोडं तथ्य होतं. आताच्या छोट्या पेट्रोल गाडीत नाही.

आता पेट्रोल इंजेक्टर सोडतो आणि त्याला हुकूम देतो कॉम्प्युटर. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात. हे ओळखून कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. वेग बराच उतरेपर्यंत पेट्रोल शून्य! न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जोरावर चालू ठेवावं लागतं, म्हणजे पेट्रोल जळतंच.

शिवाय गाडीला मागे धरणारी इंजिनाची ओढ गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल भसकन खाली जातं. चावी बंद करणारे महाभाग तर वेगळेच: दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर बूस्टरची (पेडल हलकं करणाऱ्या यंत्रणेची) मदत संपते, पेडल दगडासारखं होतं.

भुईबावड्याचा घाट असो वा आंबा, दुसरा-तिसरा गिअर ठेवा. इंजिन जरा ओरडेल, ओरडू दे.