‘पाणी’तला ण आणि ‘पाना’तला न

पुण्यात कुणी ‘पानी’ म्हटलं की अजूनही शेजारचा चटकन दुरुस्त करतो, ‘पानी नाही, पाणी!’ ण हा मूळचा, संस्कृताच्या घरचा, आणि न म्हणणाऱ्याने तो बिघडवला, अशी त्यामागची समजूत. इतिहास नेमका उलटा आहे.

संस्कृतातला शब्द ‘पानीय’. त्यात न आहे. महाराष्ट्री प्राकृतात जवळजवळ प्रत्येक न चा ण झाला, तेव्हा त्याचं ‘पाणिअ’ झालं आणि तिथून आपलं ‘पाणी’ आलं. आता ‘पर्ण’ बघा. त्यात अस्सल ण आहे. पण प्राकृतात त्याचं ‘पण्ण’ झालं आणि मराठीत ‘पान’. ‘कर्ण’चं ‘कण्ण’ आणि मग ‘कान’. मराठी घडताना दोन स्वरांमधला एकेरी ण टिकला. दुहेरी ण्ण आणि शब्दारंभीचा ण मात्र न झाला. ‘कान’ म्हणताना आपण संस्कृतातला ण बिनदिक्कत सोडतो आणि त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही!

ल आणि ळ यांची हीच गोष्ट, आणि मला ती जास्त आवडते. संस्कृत ‘काल’ म्हणजे वेळ, त्याचा झाला ‘काळ’. आपला ‘काल’, म्हणजे आजच्या आधीचा दिवस, आला ‘कल्य’पासून, ‘कल्ल’ या रूपातून. एकेरी ल चा ळ झाला, दुहेरी ल्ल चा ल राहिला. म्हणून ‘मूल’चं मूळ, पण ‘फुल्ल’चं फूल. ‘तैल’चं प्राकृतात ‘तेल्ल’ झालं होतं, म्हणून आपण तेळ म्हणत नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत, ‘अग्निमीळे’मध्ये, ळ आहे खरा, पण तो ड पासून झालेला. आपल्या ळ शी त्याचं नातं जोडता येत नाही.

मग ‘पानी’ हिणकस कधी ठरलं? एकोणिसाव्या शतकात शाळा, क्रमिक पुस्तकं आणि छापखाने आले, तेव्हा प्रमाण मराठी घडली ती मुख्यतः पुण्यातल्या शिकलेल्या ब्राह्मण घरांच्या बोलीवर. त्या घरांत ण आणि न वेगळे होते. आसपासच्या कितीतरी बोलींत ते एक झाले होते. वऱ्हाडाकडे ‘काळा’चा ‘काया’ झाला, आगरी-कोळ्यांकडे ‘डोळा’चा ‘डोला’. ‘पाणिअ’चं ‘पाणी’ होताना जसे ध्वनी बदलले, तसेच हेही बदल.

हा वंशवृक्ष उलगडण्याचं बरंचसं काम पुण्याशी जोडलेलं आहे. डेक्कन कॉलेजात पुढे संस्कृत शिकवणाऱ्या रा. गो. भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत संस्कृत, प्राकृत आणि आजच्या भाषा एका धाग्यात मांडल्या. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, त्याचा मराठी अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केला. येरवड्याच्या त्याच डेक्कन कॉलेजातले भाषाविज्ञानाचे अभ्यासक अलीकडे गावोगाव जाऊन मराठीच्या बोली ध्वनिमुद्रित करत आहेत.