मान आणि पाऊल: फवारणीच्या औषधानंतरचे दोन वेगळे लकवे

क्लोरपायरीफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक पोटात गेलं की घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, आणि उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन. सोयाबीनच्या माळव्यात हे बहुतेकांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मला छळतो तो पुढचा घोळ. तिसऱ्या दिवशी श्वास अडकलेला आणि तिसऱ्या आठवड्यात पाय लुळे पडलेला, दोघांबद्दल सांवेर-देपालपूरच्या शेतापासून इंदुरातल्या रामबागेतल्या घरापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "विष पुन्हा चढलं." साफ चूक.

पहिला प्रकार इंटरमीडिएट सिंड्रोम. साधारण २४ ते ९६ तासांत येतो. माणूस शुद्धीवर असतो, पण उशीवरून मान उचलता येत नाही. मग खांदे, मांड्या, श्वासाचे स्नायू. व्हेंटिलेटर वेळेवर मिळाला तर बहुधा काही आठवड्यांत ताकद परतते. म्हणून दुसऱ्या दिवशीच "बरा दिसतोय, घरी नेतो" हा हट्ट मला अजिबात खपत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे नसांचा उशिरा येणारा लकवा. तो बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांनी, टोकाकडून सुरू होतो. पोटऱ्यांत गोळे, तळव्यांना मुंग्या, मग चवडा उचलला जात नाही, चप्पल निसटते. पुढे हाताचे पंजेही. श्वास सहसा शाबूत राहतो. लोक अडखळतात ते इथे. कोलीनेस्टरेज बंद पडलं की लाळ-घाम येतो; ते एन्झाइम वेगळं, हे वेगळं. विष नसांमधल्या न्यूरोपॅथी टार्गेट एस्टरेजला कायमचं जखडतं आणि लांब नसांचे तंतू टोकाकडून झडू लागतात. झडायला दिवस लागतात, म्हणून हा उशीर. विष परत आलेलं नसतं. १९८८ साली कोलकात्याच्या बेहालात खाद्यतेलातल्या ट्रायक्रेसिल फॉस्फेट या ऑर्गॅनोफॉस्फेट रसायनाने माणसं अशीच लुळी पडली होती, आणि ते तर कीटकनाशकही नव्हतं. तेव्हा इथे पुन्हा अ‍ॅट्रोपीन मागू नका. कोलीनेस्टरेजचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून नसा ठीक आहेत असंही समजू नका.

पोलीस केसच्या धास्तीने मागचं विष लपवणं याहून वाईट. डॉक्टरला ते कळलं नाही तर हेच पाय गियाँ-बारे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) समजून महागडी इंजेक्शनं सुरू होऊ शकतात.

या नसांवर उतारा नाही. फिजिओथेरपी आणि चवड्याला आधार देणारी पट्टी लगेच सुरू करावी, असं माझं ठाम मत. मुंग्या ओसरतात, हात बऱ्यापैकी सुधारतात. पण मज्जारज्जूलाही इजा झाली असेल तर काही महिन्यांनी पाय ताठर होतात आणि तो ताठरपणा बहुधा राहतो.