कौलावर दात न फेकता आलेली दाढ: दुधाची की कायमची?

पडलेला दुधाचा दात घराच्या कौलांवर फेकण्याची रीत कोकणात अजून पुष्कळ घरांत आहे, आणि त्या निमित्ताने मुलाचा कोणता दात कधी पडला हे आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना कळते. परंतु साधारण सहाव्या वर्षी, मूल पहिलीत असताना, तोंडात चार दाढा अशा येतात की त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे तोपर्यंत नुसती हिरडी असते. तिथे वर दोन आणि खाली दोन अशा या दाढा निमूटपणे उगवतात. कौलावर काही गेले नाही, तेव्हा नवे काही आले असेल अशी शंकाही कोणाला येत नाही आणि त्या दुधाच्याच दाढा समजल्या जातात.

माझा सात वर्षांचा पुतण्या मे महिन्यात आंबापोळी एकाच बाजूने चावत होता. मी विचारले तेव्हा माझ्या आईने मालवणीत निकाल देऊन टाकला, "दुधाचीच दाढ ती, पडतली आपसूक." मोबाइलच्या उजेडात खालच्या जबड्याच्या मधोमधपासून एकेक दात मोजत गेलो, तर काळा खड्डा पडलेली दाढ सहावी निघाली. ती आपसूक पडणारी नव्हती, जन्मभराची होती.

या दोन दाढांची गल्लत होण्यास त्यांचे रूपही कारणीभूत आहे, कारण विशेषतः खालच्या जबड्यातली दुसरी दुधाची दाढ आणि तिच्यामागे येणारी पहिली कायमची दाढ या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. कायमची दाढ आकाराने मोठी असते एवढेच. रंग पाहिला तर दुधाचे दात अधिक पांढरे आणि कायमचे किंचित पिवळसर असतात. हा पिवळेपणा कीड नव्हे, हे ठाऊक नसल्यामुळे काही पालक नव्या दाढेला घाबरतात, तर काही जण दुधाच्या दाढेवरची खरी कीड "काळपटपणा" म्हणून सोडून देतात. रंगापेक्षा मोजणी भरवशाची. जबड्याच्या मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला दुधाचे पाचच दात असतात, म्हणजे चारही बाजूंचे मिळून वीस. पुढचा दात पडून फट राहिली असेल तर ती फटही एक म्हणून मोजावी. पाचवी दाढ दुधाची आणि तिच्यामागची सहावी कायमची.

दुधाच्या दाढेला वेळ मिळतो, पण तो लोकांना वाटतो त्याहून बराच मोठा असतो. दुसरी दुधाची दाढ साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात पडते. म्हणजे पाच वर्षांच्या मुलीच्या या दाढेत कीड दिसली, तर ती दाढ अजून पाच-सहा वर्षे तिला जेवायला लागणार आहे. तिचे एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण कवच, कायमच्या दाताच्या मानाने पातळ आणि आतली नस तुलनेने मोठी असल्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. तिच्या मुळांमध्ये, पुढे तिच्या जागी येणाऱ्या कायमच्या उपदाढेचा (लहान दाढेचा) अंकुर वाढत असतो, आणि मुळाशी पू झाला तर त्या अंकुराच्या एनॅमललाही इजा होऊ शकते. ती अकाली काढावी लागली तर सहावी दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची जागा अडवते. "पडणारच आहे" हे वाक्य म्हणूनच मला फसवे वाटते.

कायमच्या पहिल्या दाढेला दुसरी संधी मिळत नाही, आणि तिची परीक्षा उगवतानाच सुरू होते. ती पूर्ण वर येण्यास काही महिने लागतात. तेवढा काळ ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, कधी तिच्यावर हिरडीचा पदर असतो आणि सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून तसाच निघून जातो. वरच्या चऱ्या खोल असल्यामुळे आंबापोळी, फणसपोळी किंवा जत्रेतले गुळाचे खाजे त्यांत चिकटून राहते. अशा वेळी ब्रश गालाच्या बाजूने आडवा नेऊन त्या एकट्या दाढेवर फिरवावा, आणि हे काम सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानेच करावे. फ्लोराइडची टूथपेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते.

मुलाच्या मनातली दवाखान्याची भीती पुष्कळदा याच गल्लतीतून जन्मते, असे माझे मत झाले आहे. दुधाची म्हणून दाढ सोडून दिली की मूल डॉक्टरांच्या खुर्चीत पहिल्यांदा बसते ते रात्रभर ठणकलेल्या गालासह, आणि तपासणी म्हणजेच सुई अशी त्याची खूणगाठ बसते. याउलट पहिला दात आल्यावर सहा महिन्यांच्या आत, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दात दाखवले, तर आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल आईच्या मांडीवर असते, त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकते आणि काही मिनिटांत काम आटोपते. थोड्या मोठ्या मुलांसाठी दंतवैद्य "सांगा, दाखवा, मग करा" ही पद्धत वापरतात, जी ॲडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडली: आरसा काय करतो ते सांगायचे, तो बोटाच्या नखावर फिरवून दाखवायचा आणि मगच तोंडात न्यायचा. घरी चमचा हा आरसा समजून तीच तालीम करता येते. "नीट घास, नाहीतर डॉक्टर सुई देतील" ही धमकी मात्र कटाक्षाने टाळावी. "अजिबात दुखणार नाही" हे आश्वासनही टाळलेले बरे, कारण दुखण्याचा विचार मुलाच्या मनात नसला तरी त्या वाक्याने तो शिरतो. "आज तुझे दात मोजणार आहेत" एवढे पुरते, आणि ते खरेही असते.

सहावी दाढ पुरेशी वर आली की डॉक्टर तिच्या चऱ्यांवर सीलंट, म्हणजे चऱ्या बुजवणारा पातळ लेप, लावू शकतात. यात सुई नसते, दात कोरणेही नसते: दाढ स्वच्छ करून तिच्यावर जेल लावतात, धुऊन कोरडी करतात, पातळ द्रव पसरतात आणि निळ्या उजेडाने तो घट्ट करतात. खुर्चीशी पहिली ओळख ठणक्याऐवजी या निळ्या उजेडाने झालेले मूल पुढच्या वेळी आपणहून तोंड उघडते, हे मी धाकट्या भाचीच्या बाबतीत पाहिले. तालुक्याच्या गावी जाणे लगेच जमत नसेल, तर २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते तेव्हा दातही दाखवावेत, आणि सहाव्या दाढेचे नाव घेऊन विचारावे.

मोजणीची ही सवय पुढेही उपयोगी पडते, कारण साधारण बाराव्या वर्षी सहावीच्या मागे सातवी दाढ येते, आणि तिच्यासाठीही कोणताच दात पडत नाही.