कुंपणातली ऊब

मार्चचा तिसरा आठवडा आला की संध्याकाळी मी रबरी बूट चढवून बाहेर पडते. आमचं गाव फ्रान्समध्ये, दक्षिण बर्गंडीतल्या शारोले भागात. पांढऱ्या गाई, उतारावरची लहान लहान कुरणं आणि प्रत्येक कुरणाभोवती झुडपांचं जिवंत कुंपण. कोकणातल्या माणसाला चटकन कळेल, ही वईच. अशा मुलखाला इथे ‘बोकाज’ म्हणतात. 1950 नंतर मोठ्या यंत्रांना वाट मिळावी म्हणून देशभरातली बहुतेक कुंपणं उपटली गेली. आमच्याकडे पुष्कळशी टिकली आहेत, आणि माझ्या फिरण्यातला निम्मा आनंद त्यांचाच आहे.

सर्वांत आधी फुलतो ‘एपीन नुआर’, म्हणजे काळा काटा. काळ्याभोर निष्पर्ण फांद्यांवर एकदम पांढरी फुलं येतात. आधी फुलं, मग पानं, आपल्या पळसासारखं. त्याच कुंपणात खेटून उभा असलेला ‘ओबेपीन’, म्हणजे पांढरा काटा, तेव्हा नुसती पानं काढत असतो. त्याची फुलं पाहायला एप्रिलअखेर किंवा मे उजाडतो. माती तीच, पाऊस तोच, तरी दोघांमध्ये महिन्याभराचं अंतर. झाडं दिवस मोजतात तरी कशी?

एक मोजमाप उजेडाचं. या अक्षांशावर मार्चअखेरीस दिवस रोज तीन मिनिटांहून जास्त वाढतो. मुंबईत हीच वाढ जेमतेम एक मिनिट असते. म्हणजे इथे आठवड्याभरात वीस-बावीस मिनिटांचा जास्तीचा उजेड हाती येतो, आणि कालपर्यंत अंधारात संपणारी पायवाट आज शेवटपर्यंत दिसते. झाडांमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते रात्रीची लांबी ओळखतं. टेकडीवरचे बीच वृक्ष या हिशोबाचे पक्के. फेब्रुवारी कितीही उबदार गेला तरी ते सहसा फसत नाहीत, दिवस पुरेसा मोठा होईपर्यंत कळ्या मिटूनच ठेवतात.

दुसरं मोजमाप उबेचं. 1735 साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने रोजच्या तापमानांची बेरीज करून पाहिली. 1734 आणि 1735 या दोन वर्षांतल्या एप्रिल, मे, जूनच्या बेरजा त्याने शेजारी ठेवल्या आणि पिकं एका वर्षी लवकर, दुसऱ्या वर्षी उशिरा का आली ते उलगडून दाखवलं. वनस्पतीला वाढीच्या प्रत्येक टप्प्यासाठी उबेचा ठरावीक साठा लागतो, ही ती कल्पना. आजचे कृषिशास्त्रज्ञ तीच बेरीज करतात. काळ्या काट्याचा साठा लवकर भरतो, पांढऱ्याला जास्त ऊब लागते. त्याआधी पुरेशी थंडी सोसलेली असणंही अनेक झाडांना आवश्यक असतं; हिवाळा झालाच नाही तर सफरचंदाची कळी धड उघडत नाही.

उबेवर विसंबणाऱ्यांना अलीकडे धोका वाढला आहे. इथून गाडीने तासा-सव्वा तासावर बोन हे द्राक्षांचं गाव. तिथल्या द्राक्षतोडणीच्या तारखांची 1354 पासून 2018 पर्यंतची मालिका संशोधकांनी जुळवली आहे. 1987 पर्यंत तोडणी सरासरी 28 सप्टेंबरला सुरू व्हायची. 1988 पासून ती तेरा दिवस अलीकडे आली. वेल लवकर जागा होतो, पण थंडी अजून पुरती गेलेली नसते. 2021 मध्ये मार्चअखेर उकाड्यासारखी ऊब पडली, कोंब फुटले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच कडाक्याची गोठवणारी थंडी पडली. मळ्यांमधून रात्रभर मेणाच्या बादल्या पेटवून ठेवल्या होत्या, तरी फ्रान्सभर बागा करपल्या. माझे ऐंशी पार केलेले शेजारी ‘बर्फाच्या संतां’चे दिवस, म्हणजे थंडीचा शेवटचा तडाखा देणारे मानले जाणारे 11 ते 13 मे, सरल्याशिवाय टोमॅटोची रोपं बाहेर काढत नाहीत. मीही आता त्यांचंच ऐकते.

पण या कुंपणाच्या पायथ्याशी एक वनस्पती अशी आहे, जी स्वतःची ऊब स्वतः तयार करते. तिच्यासाठी मी एप्रिलअखेर ओल्या गवतात गुडघे टेकून बसते. ही अ‍ॅरम, आपल्या अळूची आणि सुरणाची नातलग. हिरवट आवरणाच्या आत जांभळट दांडा असतो. संध्याकाळी त्याला हळूच बोट लावलं तर तो चक्क कोमट लागतो. अ‍ॅरमची ही ऊब फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1778 मध्येच नोंदवली होती. दांड्यात साठवलेलं पिष्ट झपाट्याने जळतं आणि त्याचं तापमान हवेपेक्षा पंधरा अंशांपर्यंत वर जाऊ शकतं. सुरणाचं फूलही असंच तापतं.

या उष्णतेने शेणामुतासारखा वास हवेत पसरतो आणि केसाळ पंखांच्या बारीक माश्या खेचल्या जातात. आपल्या मोरीच्या भिंतीवर बसतात ना, त्याच कुळातल्या. त्या निसरड्या आवरणावरून घसरून तळच्या कोठडीत पडतात. वरच्या राठ केसांच्या जाळीमुळे त्यांना पुन्हा वर येता येत नाही. तळाशी मादीफुलं तयार असतात. माश्यांनी आदल्या फुलातून आणलेले पराग त्यांना मिळतात. नरफुलं मात्र रात्र उलटेपर्यंत थांबतात, म्हणून स्वतःचाच पराग स्वतःला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीआधी मी पुन्हा त्याच जागी जाते. दांडा गार झालेला असतो, वास गेलेला असतो, केस सुकून गळालेले असतात. अंगभर पिवळे पराग माखलेल्या माश्या एकेक करून काठावर येतात, क्षणभर थांबतात आणि उडतात. चार पावलांवर दुसरं अ‍ॅरम उमलत असतं. ते संध्याकाळी तापेल.